अमेरिकेतून आलेला ट्रॅक्टर

परीक्षा जवळ आल्या की आमच्या जालन्यातल्या मस्तगडच्या गल्लीचा आवाज बदलतो. एरवी दुपारी सगळी दारं लोटलेली असतात आणि कूलरची घरघर तेवढी ऐकू येते. पण या दिवसांत गच्चीवर, जिन्यात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत कुठं ना कुठं एखादी पोरगी वही पोटाशी धरून येरझाऱ्या घालत असते, ओठ हलत असतात. शेजारच्या खोल्यांत भोकरदनकडच्या मुली भाड्यानं राहतात. त्यांचं पाठांतर भिंतीतून थेट माझ्या स्वयंपाकघरात येतं. मी कणीक मळता मळता ऐकते, आणि त्यांचं वाक्य अडलं की माझा हात थांबतो. पुढचा शब्द मला येत असतो अशातला भाग नाही. पण मोठ्यानं वाचता वाचता कुणी मध्येच थांबलं की मला चैन पडत नाही. ही खोड मला एका उन्हाळ्यानं लावली.

त्या उन्हाळ्याबद्दल सांगायचं कितीदा मनात आलं, पण तो चांगला होता की वाईट हेच मला अजून ठरवता येत नाही. मी सांगायला लागते तेव्हा आधी हसते, मग मला राग येतो. कधी नेमकं उलटं होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

नव्वद साल उजाडायच्या आधीची गोष्ट. माझं माहेर अंबडचं. कॉलेज जालन्यात, म्हणजे रोज यष्टीनं येणं-जाणं. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर दिला आणि बोटांवरची शाई जायच्या आत हळद लागली. सोयरिकीच्या बैठकीत माझ्या वडिलांनी भीत भीत तिसऱ्या वर्षाचा विषय काढला होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले होते, "शिकू द्या की. कॉलेज तर आमच्या घराच्या मागंच हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बोलणं मानपानाकडं वळलं. लग्नानंतर घरात त्या गोष्टीचं कुणी नावही काढलं नाही. नाही म्हणालं नाही, हो म्हणालं नाही. मागच्या गच्चीवरून मात्र कॉलेजच्या आवारातलं लिंबाचं झाड दिसायचं. वाळवणं घालायला गेले की मी त्या झाडाकडं बघायची. जून संपेपर्यंत नाव घातलं नाही तर वर्ष गेलं, हे मला पाठ होतं. ते घरात दुसऱ्या कुणाला माहीत होतं का, ते मला माहीत नव्हतं.

विचारावं तर कसं? मामंजींसमोर उभं राहायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत. बोलणं सगळं आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या मार्फत. मामंजी पुढच्या खोलीत बसून म्हणायचे, "तिला म्हणावं, चहा टाक." मी हाताच्या अंतरावर उंबऱ्याच्या आत उभी असायची. मी आत्याबाईंना म्हणायची, "मामंजींना म्हणावं, साखर संपलीय." मधल्या आत्याबाई तांदूळ निवडत नुसती मान हलवायच्या. निरोप दोन्हीकडून परस्पर पोचलेला असायचा. पहिले काही दिवस मला याचं हसू यायचं. नंतर मी हसायचं विसरले, कारण मलाही तसंच बोलायची सवय लागली.

मामंजी तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. त्याच वर्षी रिटायर झाले आणि लगेच डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, मग भिंगासारखा जाड चष्मा. डॉक्टरांनी बारीक अक्षर वाचायला सक्त मनाई केली होती. जन्मभर कागद वाचलेला माणूस, त्याला वर्तमानपत्रसुद्धा हातात धरता येईना. सकाळी अंघोळ करून, कचेरीतला पांढरा शर्ट घालून, पुढच्या खोलीत नुसते बसून राहायचे. कचेरीच्या वेळेला उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. आत्याबाई म्हणायच्या, घरात बसून माणूस कडू झालाय.

मामंजींचा पुतण्या विलास अमेरिकेत नोकरीला होता. माझ्या लग्नाला म्हणून आला होता. त्यानं काकांसाठी काय आणावं? एक मोटार. म्हणजे मोटारीचे सुटे भाग. तिकडं म्हणे मोठी माणसंसुद्धा प्लास्टिकचे तुकडे जोडून मोटारी करतात. हौस म्हणून. काकांचे डोळे अधू, म्हणून त्यानं मुद्दाम सगळ्यात मोठ्या मापाची निवडली. तयार झाली की हातभर लांब होणारी. पण सामान भरताना खोकं बॅगेत मावेना. मग त्यानं खोकं तिथंच टाकून दिलं आणि तुकडे बनियन-टॉवेलात गुंडाळून आणले. लग्नाच्या गर्दीत ती गाठोडी मामंजींच्या पुढ्यात ठेवली, "काका, वेळ जाईल तुमचा," म्हणाला आणि परत गेला. कसली मोटार, कशी मोटार, हे लग्नघरात कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

बरेच दिवस ती गाठोडी कपाटावर पडून होती. एका दुपारी मामंजींनी ती सतरंजीवर सोडली. मी आतून बघत होते. प्लास्टिकच्या काड्यांना बोरं लागावीत तसे लटकलेले तुकडे. काही पांढरे, काही काळे, काही चांदीसारखे चकचकीत. खऱ्या रबराची चाकं. स्प्रिंगा, बारके स्क्रू. आणि एक पुस्तिका, तिचं वरचं पान खोक्याबरोबरच गेलेलं. आत चित्रं होती, पण एकेका तुकड्याची, बाण काढलेली. सगळे तुकडे जोडल्यावर काय होतं, ते चित्र खोक्यावर होतं. आणि खोकं अमेरिकेत.

मामंजींनी पुस्तिका डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, खाली ठेवली. मग भिंतीकडं बघून म्हणाले, "तिला इंग्रजी येतं का विचार."

मला वाटतं त्या घरात मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मला येत असलेल्या गोष्टीबद्दलचा तर नक्कीच पहिला.

तेव्हापासून दुपारची जेवणं उरकली की आमचं काम सुरू व्हायचं. मी उंबऱ्याच्या आत पाटावर, पुस्तिका मांडीवर. पलीकडं सतरंजीवर मामंजी. मध्ये आत्याबाई आणि त्यांचं तांदळाचं सूप. मी आधी इंग्रजी वाक्य मोठ्यानं वाचायची, मग त्याचं मराठी आत्याबाईंना सांगायची. "आत्याबाई, सदतिसाव्या नंबरचा तुकडा अडतिसाव्याला आतून चिकटवायचा म्हणतात." आत्याबाई मान हलवायच्या. मामंजी सुपारीच्या अडकित्त्यानं काडीवरून तुकडा तोडायचे, कडा काचकागदावर घासायचे, बोटांनी चाचपून जागेवर बसवायचे. बाहेर ऊन मी म्हणत असायचं. नळाला एक दिवसाआड पाणी, पिंपावर ओलं फडकं, गच्चीवरून कुरडयांचा आंबूस वास आणि खोलीत गोंदाचा डोकं चढवणारा वास. मला विचाराल तर तो वास अजून आवडतो. कुठं नवीन नळजोडणीत प्लास्टिकचे पाइप चिकटवत असले की मी उगीच रेंगाळते.

मामंजींचा एक दंडक होता. ज्या दिवशीचं काम त्याच दिवशीचं पान वाचायचं. पुढचं पान उलटायचं नाही. कचेरीत म्हणे साहेबापुढं एक कागद निकाली निघाल्याशिवाय दुसरा ठेवायचा नसतो. एकदा मी सहज पुढचं पान उलटलं तर पानाचा आवाज ओळखून म्हणाले, "तिला म्हणावं, जल्दी करायची न्हाई." त्यामुळं काय बनतंय ते त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. त्यात माझं इंग्रजी कॉलेजातलं. निबंध लिहायला, कविता समजून घ्यायला शिकलेलं. मोटारीच्या पोटातले शब्द मी कुठं वाचले होते? निम्मं मी अंदाजानं सांगायची. शब्दकोशात बघायची, तिथं तीन-तीन अर्थ असायचे, त्यातला घरात शोभेल तो निवडायची.

आता मागं वळून बघताना वाटतं, माझी सगळीच अवस्था तेव्हा तशी होती. एकेक तुकडा कळत होता. भाकरी अशी हवी, पदर असा हवा, पाहुण्यांसमोर असं यायचं, असं जायचं. पण हे सगळं जोडून माझं काय होणार, ते मला कुठंच दिसत नव्हतं. नवरा चांगला होता, पण हे बियाणे कंपनीत. पेरण्यांच्या आधीचे दोन-तीन महिने म्हणजे त्यांची खरी सुगी. आज परभणी, उद्या लातूर. घरी आले की झोपायचे. त्यांना कॉलेजबद्दल विचारलं तर म्हणाले, "अण्णांना विचारून घे." त्यांच्या वडिलांशी मी थेट बोलत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

गाडी आकाराला येऊ लागली तसे आम्ही तिघंही बुचकळ्यात पडलो. मागची चाकं ही एवढाली, पुढची अगदी बारकी. इंजिन मोठं थोरलं, पण त्याच्यावर झाकणच नाही. सगळं उघडं. मामंजींनी सगळ्या काड्या पुन्हा चाचपल्या, गाठोडी झटकली, विलासच्या बनियनच्या घड्या उलगडून पाहिल्या. बोनेट कुठंच नव्हतं. बसायला टीचभर जागा, तीही उघड्यावर. मामंजींनी चष्मा पुसला. विलासनं दोन वेगवेगळ्या गाड्यांचे तुकडे एकत्र केले असावेत, असं त्यांचं मत पडलं.

आत्याबाई भोकरदनकडच्या शेतकऱ्याची लेक. सूप बाजूला ठेवून त्या जरा पुढं सरकल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "त्यात काय एवढं कोडं? ट्रॅक्टर हाय त्यो."

मामंजींनी मागचं चाक चाचपलं, पुढचं चाचपलं. मग म्हणाले, "बराबर."

आणि एकदा ट्रॅक्टर म्हटल्यावर सगळंच जुळायला लागलं. मागं मोठी चाकं, पुढं लहान. इंजिन उघडं. ऊन खात बसायची जागा. विलासचे वडील गावाकडं शेती बघायचे आणि ट्रॅक्टर घ्यायचं त्यांच्या मनात होतं, तेव्हा पोरानं काकांना अमेरिकेतला ट्रॅक्टर आणून दाखवला, यात नवल ते काय? आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. इतक्या दिवसांनी एक तरी गोष्ट स्पष्ट झाली होती.

मग पुस्तिकेत जे ट्रॅक्टरला शोभत नव्हतं ते मामंजींनी दुरुस्त करायला घेतलं. दोन्ही बाजूंनी चकचकीत नळ्यांची जुडगी आडवी जात होती. ट्रॅक्टरचा सायलेन्सर उभा असतो, तेव्हा त्यातली एक नळी तापवून वर वळवली आणि इंजिनाच्या बगलेत उभी केली, बाकीच्या काढून ठेवल्या. मागं ट्रॉली जोडायला आकडा हवा. तो माझ्या अंबाड्यातल्या पिनेचा झाला. मागल्या चाकांवर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे मडगार्ड बसवले. तुकड्यांबरोबर आलेल्या ट्यूबमधला गोंद तोवर उन्हानं वाळून गेला होता. सायकलच्या दुकानातलं पंक्चरचं सोल्युशन लावून पाहिलं, ते धरेना. मग गावाकडून विहिरीच्या पाइपलाइनसाठी आणलेला प्लास्टिकचे पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आला. त्यानं असं धरलं की विचारू नका. रंग कुठून आणायचा हा प्रश्न आला तेव्हा मीच बोलले. लग्नात मैत्रिणींनी दिलेल्या नखांना लावायच्या लाल रंगाच्या बाटल्या तशाच पडून होत्या. त्या घरात नखं रंगवायची पद्धत नव्हती. आत्याबाईंनी बाटल्या पुढं सरकवल्या. मामंजींनी ते इवलेसे ब्रश धरून सगळा ट्रॅक्टर लाल केला. कुठं कुठं प्लास्टिकला सुरकुत्या पडल्या, पण लांबून फर्मास दिसायचा.

मला हे सगळं फार आवडत होतं. ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुपार कधी होते याची मी वाट बघायची. माझा आवाज त्या घरात घुमायचा, आणि मी वाचत असताना मामंजी हातातलं काम थांबवून ऐकायचे. एखादं अवघड वाक्य मी पुन्हा वाचलं तर त्यांची मान किंचित हलायची. माझ्या वडिलांनीसुद्धा मी वाचताना असं कधी ऐकलं नव्हतं. मनात मी एक ठरवून टाकलं होतं. ट्रॅक्टर पूर्ण झाला की मामंजी खुशीत असतील, तेव्हा आत्याबाईंमार्फत कॉलेजचं विचारायचं. जून लागला होता. मी रोज उरलेल्या पानांची जाडी बोटानं बघायची.

शेवटचं पान आलं. मी वाचलं आणि बोट त्याच ओळीवर ठेवलं.

"काय म्हणतात?" आत्याबाईंनी विचारलं.

मी पुन्हा मनात वाचलं. तिथं स्वच्छ लिहिलं होतं की तुमची मोटार आता शर्यतीला तयार आहे. तिला काहीतरी हॉट रॉड असं म्हटलं होतं. इंजिन उघडं ठेवण्यातच तिची शान आहे, म्हणून बोनेट दिलेलं नाही, असंही होतं. मी सांगितलं. हॉट रॉडचं मराठी मला गरम सळई एवढंच करता आलं. मामंजी म्हणाले, "सळया तर इथल्या मिलमध्ये रोज निघून राह्यल्या. त्याला अमेरिका कशाला पायजे?" पण हसले नाहीत. मडगार्डावरून बोट फिरवत बसून राहिले. आत्याबाई तांदळात तोंड घालून बसल्या होत्या. शर्यतीच्या मोटारीला आम्ही ट्रॉलीचा आकडा लावला होता.

मग मामंजी म्हणाले, "तिला म्हणावं, चुकलं ते दुरुस्त करायचं. पहिल्या पानापासून घ्यायचं पुन्हा."

पहिल्या पानापासून. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं. मी आत्याबाईंना म्हणाले, "आत्याबाई, मामंजींना म्हणावं, कॉलेजात नाव घालायची मुदत संपत आलीय."

आत्याबाईंचा हात सुपात थांबला. त्यांनी या वेळी मान हलवली नाही. मामंजींनी वर बघितलं. भिंतीकडं नाही, आत्याबाईंकडं नाही, माझ्याकडं. जाड भिंगामागं त्यांचे डोळे मोठाले दिसत होते. आणि ते मला म्हणाले, "तू कॉलेजात गेली तर हे वाचून कोन दाखवील, बाई?"

मला. तू. बाई.

मी काय सांगू, माझे कान गरम झाले. घरातल्या कर्त्या पुरुषानं मला समोरासमोर हाक घातली होती. माझ्यावाचून त्यांचं अडत होतं आणि त्यांनी ते बोलून दाखवलं होतं. मी "हो मामंजी" म्हणाले की नुसती मान हलवली ते आठवत नाही. आत गेले, रात्रीसाठी डाळ धुवायला घेतली. चेहरा हसरा असणार, कारण मागून आलेल्या आत्याबाई माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत राहिल्या. डाळीचं पाणी ओतता ओतता माझ्या ध्यानात आलं की ते नाही म्हणाले होते.

हे दौऱ्यावरून परतले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. माझा आवाज रडवेला झाला होता. हे उठून बसले. "अण्णा स्वतः बोलले तुझ्याशी?" म्हणाले. "माझ्याशी तरी कधी असं बोललेत का? तुझं वाचणं त्यांना पसंत पडलंय." ते मनापासून खूश झाले होते. त्यांच्या आनंदात माझं रडणं बसेना. मीही थोडी खूश झाले. तुम्हाला यात काही कळतंय का? मला तेव्हा कळलं नाही, आजही नीट कळत नाही. एकाच वाक्यानं माणूस तुम्हाला आत घेतो आणि तुमच्यामागं दारही लावतो. त्यातलं कशासाठी भांडायचं?

मुदत गेली. पेरण्या झाल्या. आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. मडगार्ड निघाले, आडव्या नळ्या जागेवर आल्या. पाइपलाइनच्या सोल्युशननं धरलेला उभा सायलेन्सर आणि मागचा आकडा मात्र काही केल्या निघाला नाही. जोर केला तर इंजिनच फुटेल म्हणून तसाच ठेवला. ती गाडी काचेच्या कपाटात बसली. पुढच्या वर्षी बघू, असं माझं मीच म्हणाले. पुढच्या वर्षी मला दिवस राहिले होते. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी आठवण काढली नाही. मी काढली का? मला वाटतं काढली होती, पण कुणापुढं ते आठवत नाही. विलासनं आणखी दोन गाड्या पाठवल्या, त्याही आम्ही जोडल्या. या वेळी खोक्यासकट आल्या होत्या, त्यामुळं तेवढी मजा आली नाही.

हळूहळू मामंजी माझ्याशी सरळ बोलायला लागले. माझा पदर खांद्यावर आला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कपाटाजवळ नेत आणि सांगत, "सूनबाईनं वाचलं म्हणून झालं हे. आम्ही नुस्ते हात लावले." मी चहा घेऊन यायची. पाहुणे कौतुकानं बघायचे. मला त्या क्षणी फार बरं वाटायचं, आणि कप उचलून आत गेले की कुणाचाच राग यायला पुरेसं कारण सापडायचं नाही, याचाच राग यायचा. पुढं पुढं मामंजी त्यात एक शब्द घालायला लागले. "शिकलेली सून हाय," म्हणायचे ते "बी. ए. झालेली हाय" म्हणायला लागले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं पाहुण्यांपुढं मोठेपणा सांगताहेत. त्यांना खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. मग ते वाक्य इतके दिवस म्हटलं गेलं की आत्याबाईसुद्धा तेच सांगायच्या. त्या गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, बी. ए.ला विषय कोणता होता तुमचा? मी विषय सांगितला. तो तर खराच होता.

यंदा परीक्षांच्या तोंडावर विलास आला. डोक्यावरचे केस गेलेले, बोलण्यात मध्येच इंग्रजी. काचेचं कपाट उघडून त्यानं ती लाल गाडी बाहेर काढली आणि उभा सायलेन्सर बघून पोट धरून हसला. मी त्याला ट्रॅक्टरची हकिकत सांगितली तेव्हा तो खालीच बसला. मग डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, हॉट रॉड म्हंजे हेच तर असतंय. जुनी गाडी घ्यायची. नको ते काढून टाकायचं, पायजे ते लावायचं. मनासारखी करून घ्यायची. आकडा लावलेली अख्ख्या अमेरिकेत दुसरी नसेल." आम्ही इतकी वर्षं जे चूक समजत होतो, ते बरोबर होतं, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं की नाही, सांगता येत नाही. मनासारखी म्हणजे कुणाच्या, हे त्यानं सांगितलं नाही.

मामंजी खुर्चीत बसून ऐकत होते. ऐंशी ओलांडलीय, ऐकू कमी येतं, पण बाकी शाबूत. विलासच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "सूनबाई बी. ए. हाय म्हणून झालं, बाबा. दुसऱ्याचं काम न्हाई."

भिंतीपलीकडं त्या भोकरदनकडच्या पोरींतली एक पाठ करत होती. तिचं वाक्य अडलं होतं आणि पुढं सरकत नव्हतं. त्यामुळंच असेल, मी हातातला ट्रे खाली ठेवला आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मामंजी, मी बी. ए. न्हाई. दोनच वर्षं झाली माझी."

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. विलासनं चहाचा कप खाली ठेवला.

"बी. ए. तीन वर्षांचं असतं ना?" मामंजी म्हणाले.

"हो."

त्यांनी कपाटाकडं बघितलं, विलासकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं.

"मंग तिसरं कुठं गेलं?"

टोमणा नव्हता त्यात, सारवासारव नव्हती. मान थोडी पुढं करून ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. खरंच विचारत होते ते.